आधी दोरा ठरवा, मग तारीख

परवाच्या आपल्या लेसच्या मेळाव्यात बाया दोऱ्यासाठी टेबलाटेबलाशी फिरत होत्या आणि तुम्ही दारात रांगोळीत रंग भरत होतात. बाहेरगावच्या पाहुण्या समोर होत्या म्हणून मी संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसले. आज त्या नाहीत. आज घरातल्या घरात बोलायचं आहे. मला उत्तरं नकोत, कारणं तर मुळीच नकोत. खाली मान घालूनही बसू नका. माझ्याकडे बघून ऐका.

वाडीतून एक सूनबाई आली होती, पहिल्यांदाच टॅटिंग, म्हणजे शटलने गाठी घालून करायची लेस, शिकायला. तिला तुम्ही शटल दिलंत, नमुन्याचा कागद दिलात, आणि दोरा स्टॉलवर मिळेल असं सांगून मोकळ्या झालात. स्टॉलवर तिला मिळालं काय, तर कच्चे टाके घालायला शिंपी वापरतात तसलं स्वस्त सुती रीळ. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या गाठी मी एकेक करून पाहिल्या. प्रत्येक गाठीचे दोन्ही अर्धे बरोबर उलटलेले होते, शटलचा दोरा मधून सरळ गेलेला होता. मग रिंग मिटवायला तिने शटल ओढलं. रिंग अर्धी आवळली आणि अडली. तिने जरा जोर लावला तशी दोऱ्यावर लव उठली, पीळ सुटला, आणि दोरा तटकन तुटला. तिने पुन्हा घातली, पुन्हा तेच. त्यानंतर तिने शटल पिशवीत टाकलं आणि मला म्हणाली, ‘बाई, माझ्या हाताला हे जमणारं नाही.’

तिच्या हाताला ते जमत होतं! दोरा नालायक होता. आणि तो दोरा तिच्या हातात पडला तो तुमच्या आळसामुळे. आता ती घरी जाऊन सासूला सांगणार की लेस करणं फार अवघड असतं, मला नाही येत. एक शिकणारी बाई तुम्ही गमावलीत, आणि तुमच्या अहवालात लिहिलं आहे ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’. तो कागद फाडून टाका.

सहा विक्रेते बोलावले होते ना? मी प्रत्येक टेबलापाशी उभी राहून आले. तिघांकडे मीटरवर विकायची मशीनची लेस, चणिया-चोळीला लावतात ती. सोबत आरसे, टिकल्या, गोंडे. एकजण सुरतेहून जरीची किनार घेऊन आला होता. एकाकडे ॲक्रिलिक लोकर, तीही जाड, लहान मुलांच्या टोप्यांची. त्यांच्यावर मी रागावले नाही आणि तुम्हीही त्यांना नावं ठेवू नका. बडोद्याच्या मंगळ बाजारातला दुकानदार वर्षभर मशीनची लेस विकतो. तुम्ही त्याला फोनवर काय सांगितलंत? ‘लेसचा कार्यक्रम आहे, शंभरेक बायका येतील, स्टॉल लावा.’ त्याने त्याच्या समजुतीने उत्तम माल आणला, टेम्पोचं भाडं भरलं, दोन पोरं दिवसभर बसवली, आणि संध्याकाळी सगळं जसंच्या तसं बांधून परत नेलं. तुमच्या एका अर्धवट फोनची किंमत त्याने भरली.

विक्रेता बोलावणं म्हणजे मंडपवाला किंवा केटरर बोलावणं नव्हे. तो बैठकीचा अर्धा शिक्षक असतो. मी तोंडाने सांगते, तो दोऱ्याने सांगतो. म्हणून त्याला बोलावण्याआधी तुमच्या हातात यादी हवी, आणि ती यादी शिकणाऱ्यांच्या कामावरून निघायला हवी. कोण टॅटिंग करणार, कोण क्रोशा, कोण उशीवर बॉबिनची लेस घालणार, हे आधी विचारायचं. नवखीला वीस नंबरचा दोरा, तिच्या डोळ्यांना टाका दिसला पाहिजे. हात बसलेल्या बाईला चाळीस. रुमालाच्या कडेला बारीक काम करणारीला साठ किंवा ऐंशी. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होत जातो, हे तुमच्यातल्या दोघींना परवापर्यंत माहीत नव्हतं आणि त्या विक्रेत्यांशी बोलायच्या समितीवर होत्या! दोऱ्याबरोबर सुई बदलते. वीस नंबरला सव्वा मिलिमीटरच्या आसपासची क्रोशाची सुई चालते, साठ नंबरला पाऊण मिलिमीटरपर्यंत खाली यावं लागतं. लोकरीची चार मिलिमीटरची सुई घेऊन साठ नंबरच्या दोऱ्यात खांब घालायला बसलेली एक बाई मी परवा पाहिली. नुसती जाळी दिसत होती, खांब कुठे, साखळी कुठे, काही कळत नव्हतं. कोणी अडवलं तिला? कोणी नाही, कारण तुम्ही सगळ्या फोटो काढत होतात.

दोरा मर्सराइज्ड आहे का, हेही विचारायचं असतं. ही काही नुसती झगमगाटाची गोष्ट नाही. 1844 साली जॉन मर्सर या इंग्रज रंग-रसायनकाराला दिसलं की सुती धागा कॉस्टिक सोड्यात बुडवला की फुगतो, बळकट होतो, रंग जास्त धरतो. पुढे 1890च्या सुमारास होरेस लो याने तोच धागा ताणून धरून ही प्रक्रिया केली आणि सुताला ती रेशमासारखी चकाकी आली. टॅटिंगची रिंग मिटवताना सगळा ताण एका धाग्यावर येतो. तिथे दोरा गुळगुळीत आणि पक्क्या पिळाचा नसेल, तर त्या सूनबाईचं झालं तेच प्रत्येकीचं होणार.

आणि लॉट नंबर. शेड नंबर सगळ्या पाहतात, लॉट नंबर कोणी पाहत नाही. दोन गोळे एकाच शेडचे, पण वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या हौदात रंगलेले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात आणि टेबलक्लॉथ अर्धा झाल्यावर उन्हात धरला की मधोमध पट्टा उमटतो. महिन्यांची मेहनत जाते. ज्या गावात सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 साली कलाभवन सुरू झालं, जिथे त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाने रंगाईचं शास्त्र वर्गात आणलं, त्या गावच्या बायकांना रंगाच्या लॉटची गोष्ट मी पहिल्यापासून सांगत बसायची? विक्रेत्याला आधी कळवायचं की अमुक शेडचे एकाच लॉटचे इतके गोळे लागतील. तो मागवून ठेवतो. आदल्या दिवशी कळवलंत तर त्याच्या फडताळात असेल ते उचलून आणतो, दुसरं काय करील तो?

उशीवरच्या लेसवाल्यांच्या टाचण्यांचं तर मला बोलवतच नाही. कोणी तरी ऑफिसातल्या, कागदाला लावायच्या साध्या पोलादी टाचण्या आणून ठेवल्या होत्या. बडोद्याच्या पावसाळ्यात त्या चार दिवसांत गंजतात, आणि गंजाचा डाग पांढऱ्या लेसवर एकदा बसला की सहजासहजी जात नाही. पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या, लांब, बारीक टाचण्या लागतात, आणि एका साध्या पट्टीलाही त्या शेकड्याने लागतात. हे विक्रेत्याला ठाऊक असायची गरज नाही. तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

आता तारखेचं. हॉल रिकामा मिळाला म्हणून तुम्ही नवरात्राच्या आधीचा रविवार धरलात. बडोद्यात राहता ना तुम्ही? तेव्हा नवा बाजार, मंगळ बाजार, लहेरीपुरा दरवाजा, पाय ठेवायला जागा नसते. वर्षाची कमाई त्या पंधरा-वीस दिवसांत होते. अशा वेळी चांगला दुकानदार गल्ला सोडून तुमच्या टेबलावर येऊन बसेल? ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाही तोच येईल, आणि तोच आला. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत इथले व्यापारी मुहूर्ताशिवाय दुकान उघडत नाहीत, तेव्हाही बोलावू नका. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्यात या शहरात दोरा म्हणजे मांजा, दुसऱ्या दोऱ्याचं नाव कोणी ऐकून घेणार नाही. भर पावसाळ्यात ठेवणार असाल तर 2024चा ऑगस्ट आठवा, विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं होतं. सुताचा माल घेऊन तेव्हा कोण बाहेर पडेल? राहतात ते जानेवारीचा शेवट, फेब्रुवारी आणि जुलैच्या आधीचे काही आठवडे. त्यातलेही लग्नाचे मुहूर्त वगळा. तारीख विक्रेत्यांना विचारून ठरवायची आणि मग हॉल शोधायचा. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

यापुढचं सांगताना मला खरंच वाईट वाटतं, तरी सांगते. सहावा विक्रेता कोण होता? एक वयस्कर काका. गावात साठ आणि ऐंशी नंबरचा दोरा ठेवणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यांतले ते एक. त्यांनी तुमच्या एका शब्दावर बाहेरून माल मागवला, रंगांप्रमाणे लावून खोकी आणली, नमुन्याला एकेक गोळा फोडून ठेवला. त्यांना तुम्ही टेबल कुठे दिलंत? जिन्यामागे. पंखा नाही, दिवा नाही, पाटी नाही. समोरचं मोक्याचं टेबल होतं समितीतल्याच एकीच्या भाचीचं, कागदी फुलं आणि मोबाइलची कव्हरं विकणारीचं. भाचीचं कौतुक घरी करा. ज्या सूनबाईचा दोरा तुटला, तिला लागणारा नेमका दोरा त्या जिन्यामागे पंचवीस पावलांवर होता! तिला कोणी सांगितलं नाही, काकांनाही कोणी विचारलं नाही. दुपारी त्यांच्यासाठी जेवणाचं ताट लागलं नाही, ते घरून आणलेला डबा खाऊन बसले. आणि निघताना तुमच्यातली एकजण त्यांच्याकडे टेबलाचं भाडं मागायला गेली. तेव्हा मी उठून मध्ये पडले, नाहीतर ते भाडंही तुम्ही घेतलं असतंत.

भाडं घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या. पण आधी सांगून घ्या, लिहून द्या, आणि त्या भाड्याच्या बदल्यात काय देणार तेही लिहा. किती बायका खरोखर नाव नोंदवून येणार आहेत, तो आकडा खरा सांगा. शंभर म्हणालात आणि चाळीस आल्या. शंभराच्या हिशेबाने माल मागवणाऱ्याचे पैसे साठ बायकांच्या मालात अडकून पडतात. न खपलेला माल कोण ठेवणार, ते बोलून घ्या. जमत असेल तर गटाने ठरावीक गोळे आधीच पैसे देऊन विकत घ्यावेत आणि वर्गात वर्षभर वापरावेत. दोन विक्रेत्यांकडे एकच माल येणार नाही हे पाहा, नाहीतर दिवसभर ते एकमेकांचा भाव पाडत बसतात आणि पुढच्या वर्षी दोघेही येत नाहीत. मोबाइलला रेंज नसलेल्या तळघरात हॉल घेतला असेल तर सुट्टे पैसे तुम्ही आणून ठेवा. आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या बायकांना तिथेच थांबवा. साडीच्या दुकानात हजारांवर मान डोलावून येतात, आणि ज्यावर महिना-दोन महिने बोटं झिजवायची त्या दोऱ्याच्या गोळ्यावर रुपया-रुपया मागतात. हे मला सहन होत नाही.

तुमच्यातली एक म्हणाली, ‘बाई, आता सगळं ऑनलाइन मिळतं.’ मिळतं ना. मीही मागवते. पण पडद्यावर दोऱ्याचा पीळ बोटांत धरून पाहता येतो का? आणि आपल्या गटात ज्या सत्तरीच्या बायका आहेत, ज्यांना हे काम सगळ्यांत चांगलं येतं, त्यांच्यातल्या कितीजणी ऑनलाइन मागवतात? त्याहून मोठी गोष्ट ऐका. दुकानदार फडताळात काय ठेवतो? ज्याची मागणी होते ते. वर्षभर त्याच्याकडे कोणी साठ नंबर मागितला नाही तर तो ठेवणं बंद करतो, आणि एकदा बंद केलं की पुन्हा सुरू करत नाही. मेळाव्याचा दिवस हा वर्षातला असा एकच दिवस असतो की त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, या गावात बारीक दोरा मागणाऱ्या बायका आहेत, पैसे मोजून घेणाऱ्या आहेत. तो दिवस तुम्ही जिन्यामागे घालवलात. पुढच्या वर्षी त्यांनी ते फडताळ दुसऱ्याच मालाने भरलं तर शहरातून साठ नंबरचा दोरा जाईल, आणि तो घालवला कोणी, याचा जबाब तुम्ही द्यायचा आहे.

दोऱ्याचा पुरवठा कोणाच्या हातात आहे, यावर बाईच्या कामाची किंमत ठरते. हे मी मनाचं सांगत नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस करतात, ती परदेशी जाते. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना तिथे काय दिसलं? दोरा व्यापाऱ्याचा, हात बाईचे, आणि बाजार पुन्हा व्यापाऱ्याचा. बाई दिवसभर घरकाम सांभाळून खांब घालते, आणि तिला कामगारही म्हणत नाहीत. घरबसल्या फावल्या वेळात करते म्हणतात, आणि मजुरी देतात ती तशीच. बारीक काम करता येणाऱ्या हजारो बायका, पण बाजाराशी आणि मालाशी त्यांची गाठच कधी पडू दिलेली नाही. तुम्हीही एकाच विक्रेत्यावर, एकाच मध्यस्थावर सगळं सोपवलंत, भाव कधी विचारला नाहीत, नंबर कधी पाहिला नाहीत, तर तुमची गत निराळी होणार नाही.

याच शहरात 1914 साली महाराणी चिमणाबाईंनी स्त्री उद्योगालय काढलं ते कशासाठी? बाईच्या हाताला काम मिळावं आणि त्या कामाचे पैसे तिच्या हाती यावेत म्हणून. त्यांनी 1911 साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं होतं, 1927 साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. उद्योगालयातल्या बायकांचे मसाले-पापड आजही आपल्या घरांत येतात. हे सगळं तुम्ही भाषणात सांगता, हार घालता. मग माल कुठून येतो, किती लागतो, कोणाला किती देणं आहे, याची वही कुठे आहे तुमची? उद्योग म्हणता तर हिशेब आधी. मला परवा वही मागितल्यावर तुम्ही व्हॉट्सॲपचा ग्रुप दाखवलात! त्यात शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं. विक्रेत्यांशी काय ठरलं, कोणी ठरवलं, कधी ठरवलं, एक ओळ नव्हती.

इंग्लंडमध्ये लेस करणाऱ्या बायकांचे गट गावोगावच्या हॉलमध्ये दिवसभराचे मेळावे भरवतात. त्यांच्या जाहिरातीत तारीख, वेळ आणि जेवणाबरोबर पहिल्यापासून हेही छापलेलं असतं की कोण कोण विक्रेते येणार. कित्येकजणी त्या नावांसाठीच लांबून येतात, कारण बॉबिन कोणाकडे, दोरा कोणाकडे, जुनी पुस्तकं कोणाकडे, हे त्यांना आधीच कळतं. येताना त्या घरून यादी करून येतात. विक्रेत्याला मान मिळतो, विक्री होते, तो पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतो. तुमच्या पत्रिकेवर काय छापलं होतं? प्रमुख पाहुण्यांची नावं, त्यांची पदं, दीपप्रज्वलन. विक्रेत्यांच्या नावांची एक ओळ नाही.

आता कामं वाटून देते, लिहून घ्या. पुढचा मेळावा फेब्रुवारीत. दर महिन्याला भेटणाऱ्या सगळ्यांकडून एकेक कागद भरून घ्यायचा: कोणतं काम, कोणता नंबर, कोणती सुई, किती गोळे, कोणता रंग. तो कागद भरणार नाही तिचं नाव मेळाव्यात धरायचं नाही, मग ती कोणाचीही कोणी असो. बेरीज करून दिवाळीच्या आत विक्रेत्यांना पत्र जाईल, फोन नव्हे, पत्र. गुजरातीत लिहा, त्यांना सोयीचं पडेल, आणि खाली दोघींच्या सह्या. बाहेरगावच्या विक्रेत्यांपैकी सुरत जवळ, दोन-अडीच तासांची गाडी. तिथून मागवायचं तर जरीवाल्याला नव्हे, क्रोशाचा दोरा ठेवणाऱ्यालाच विचारायचं. ज्या तिघांना परवा चुकीच्या मालासाठी बोलावलंत, त्यांच्या टेम्पोचं भाडं गटाच्या पैशातून परत करायचं. पैसे कमी पडले तर सत्काराच्या शाली आणि नारळ बंद. टेबलांची मांडणी मी करीन, त्यात कोणी हात घालायचा नाही. नवख्या मुलींना दोरा गटाने द्यायचा, पहिल्या दिवशी तरी, वीस नंबरचा, मर्सराइज्ड, आणि तो मी बोटांनी ओढून पाहिल्याशिवाय कोणाच्या हातात जाणार नाही. वाडीतल्या त्या सूनबाईचा पत्ता शोधून काढा. एक चांगला गोळा घेऊन तिच्या घरी दोघीजणी जा आणि तिच्यासमोर त्याच गाठींची रिंग मिटवून दाखवा.

आणि सोमवारी सकाळी अकराला दुकानं उघडतात. वही घेऊन सगळ्याजणी नवा बाजारात या. आधी काकांच्या दुकानी जायचं आहे. त्यांच्याकडे पडून राहिलेला साठ आणि ऐंशी नंबरचा सगळा माल गटाने विकत घ्यायचा, भाव न पाडता. माफी तुम्ही मागायची, मी बाजूला उभी राहीन.